मेसाईची अक्षत

१

लग्नघरातल्या बाईची जीभ महिनाभर तिच्या ताब्यात नसते. प्रभाबाईंचं तसंच झालं होतं. लेकीचं, म्हणजे ज्ञानदाचं, लग्न ठरल्यापासून त्या सोलापूरभर अक्षत देत हिंडत होत्या. दार उघडलं की हळदीकुंकू, तळहातावर चिमूटभर अक्षता आणि पाठोपाठ ते ठरलेलं बोलणं, "नक्की यायचं बरं का! घरचंच कार्य आहे. मी तर म्हणते, आत्ताच चला की आमच्याबरोबर." आत्ता कुणी येत नसतं, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणून तर इतक्या मोकळेपणी बोलता येतं.

पुढेपुढे तर ही सवय आवरेना. नवी पेठेत शालू दाखवणाऱ्या सेल्समनला त्यांनी आमंत्रण दिलं. घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्याला दिलं. प्रभाबाई शाळेत गणित शिकवायच्या, हिशेबाला पक्क्या. पण कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांचं गणित चुकायचं. त्यांचे यजमान एकनाथराव, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, म्हणाले, "अगं, बास की आता. हॉल लहान आहे आपला."

राहिली होती ती एकच अक्षत, खरं तर सगळ्यात आधी द्यायची. देवीची.

एकनाथरावांचं मूळ गाव कुरणवाडी. माढ्याच्या पलीकडे होतं, आता उजनीच्या पाण्यात आहे. एकनाथराव शाळकरी असताना गाव उठलं, आणि गावदेवी मेसाई देवळासकट खाली राहिली. तेव्हापासून घरातल्या लग्नाची अक्षत काठावर उभं राहून पाण्यात सोडायची, असा रिवाज पडला होता. एकनाथराव तेवढ्यापुरतेही घोट्याच्या वर पाण्यात जायचे नाहीत. या वर्षी मात्र धरण पार तळाला गेलं आणि मेसाईचं देऊळ पायरीपासून कळसापर्यंत उघडं पडलं. त्यातच त्या काठावर कुणी तरी जेट स्कीचं केंद्र काढलं होतं. 'बुडालेल्या देवळाची सफर, गाइडसह' असा व्हिडिओ ज्ञानदाने आईच्या नाकासमोर धरला.

"आई, या वेळी देवीला दारात जाऊन अक्षत देऊ. जेट स्कीवरून!"

"जाऊ की," प्रभाबाई म्हणाल्या. आपण काय कबूल केलं हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा मुलीने नाव नोंदवूनही टाकलं होतं.

२

तिघे भल्या सकाळी निघाले. वाटेत प्रभाबाईंनी विषय काढला. लग्नानंतर लेक माळशिरसला, अथर्वच्या घरी जाणार. पहिल्या पंचमीला तिला आणायला कोण जायचं?

"आणायला कशाला?" ज्ञानदा म्हणाली. "अथर्व सोडेल. नाही तर एसटी आहे की."

"हल्ली कोण जातंय न्यायला?" एकनाथरावांनीही गाडी चालवता चालवता मान हलवली.

प्रभाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या पंचमीला त्या सकाळीच पिशवी भरून सासरच्या ओट्यावर बसल्या होत्या. भाऊ आला दिवेलागणीला. एसटी बिघडली होती, त्याचा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी रस्त्यावर धूळ उडाली की ऊर कसं वर यायचं आणि रिकामा रस्ता दिसला की कसं खाली बसायचं, ते त्या अजून विसरल्या नव्हत्या. हे लेकीला सांगावं असं त्यांना फार वाटलं. सांगितलं नाही. हसली असती.

काठावर पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि पाणी ताटात वाढून ठेवल्यासारखं स्वस्थ होतं. आपल्या नळाला आठवड्यातून जेमतेम येतं ते सगळं इथे येऊन झोपलंय होय, असं प्रभाबाईंच्या मनात आलं.

गाइडचं नाव बुद्धभूषण. तिशीतला, उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टी. त्याने लाइफ जॅकेटचे पट्टे करकचून आवळले आणि बजावलं, "मी म्होरं, तुमी मागं. माज्या मशीनच्या फेसाची रेघ दिसंल, ती सोडायची न्हाय. मी हात वर केला की थांबायचं. आन त्या डाव्या अंगाला बाभळीचे शेंडे दिसत्यात का? तिकडं अजिबात जायाचं न्हाय. खाली गाव हाय. फांद्यात अडकलं की मशीन बी गेलं आन मानूस बी."

"आणि पाण्यात पडलो तर?"

"ही दोरी मनगटाला. पडला की दोरी सुटती, मशीन आपसूक बंद. मग मी हाय की, काकू."

जाताना ज्ञानदाने चालवायचं आणि येताना प्रभाबाईंनी, असं ठरलं. नवी पेठेच्या गर्दीतून स्कूटी काढणाऱ्या बाईला हे कसलं अवघड, असं मुलीचं म्हणणं पडलं. एकनाथराव काठावरच्या टपरीत चहा घेत बसले. दोघी निघाल्या आणि पहिल्याच उसळीला प्रभाबाईंनी देवाचं नाव घेत लेकीच्या कमरेला मिठी मारली. मग मात्र त्यांना हसू फुटलं. तोंडावर पाण्याचे शिंतोडे येत होते, मशीन लाटेवरून टणाटण उडत होतं, आणि आपली कार्टी पुढे बसून आनंदाने किंचाळते आहे. लग्नाच्या धांदलीत महिनाभर छातीवर बसलेलं ओझं कुठे तरी मागे पाण्यात पडलं.

३

देऊळ लहानसं, काळ्या दगडाचं. भोवती गाळाचा पट्टा, तोही पाण्याबाहेर येऊन फार दिवस झाले नसावेत, कारण पाय टाकला की घोट्यापर्यंत जात होता. बुद्धभूषणने दोन्ही मशीनं काठाला लावली आणि तो त्यांच्यात अडकलेलं शेवाळ काढत बसला. ज्ञानदा मोबाइल घेऊन देवळाच्या मागच्या बाजूला गेली.

प्रभाबाई चपला हातात घेऊन पुढे झाल्या आणि थबकल्या. देवळासमोरचं अंगण झाडलेलं होतं.

ओल्या गाळावर खराट्याचे फराटे स्वच्छ उमटले होते, अर्धगोल, एकाला एक लागून, सवयीच्या हाताचे. असं कोण झाडतं इथे येऊन? कुणी तरी कोळीण झाडत असेल, देवीची भक्त, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण फराट्यांवर पाऊल एकही नव्हतं. झाडत झाडत मागे सरकलं तर पावलं पुसली जातात, बरोबर. मग झाडणारी मागे सरकत पायरीशी आली असणार. आणि पायरीवरून ती गेली कुठे?

ती गेलीच नव्हती. पायरीवर बसली होती.

डोक्यावरून पदर, हिरवं विटकं लुगडं, शेजारी बोचकं. इतकी गप्प की आधी दिसलीच नव्हती. प्रभाबाई दचकल्या, मग स्वतःवरच चिडल्या. देवळात बाई बसलेली असते, त्यात दचकायचं काय? आपण जेट स्कीवर येतो तशी ही होडीतून आली असेल. होडी पलीकडे लावली असेल.

त्यांनी देवीला हळदीकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, ज्ञानदाचं नाव घेऊन नमस्कार केला. गाभाऱ्यात गाळाचा वास होता आणि देवीचा तांदळा भिंतीलगत अर्धा रुतलेला होता. डोळे भरून आले. इतकी वर्षं काठावरूनच बोलत होतो बाई तुझ्याशी, असं त्या पुटपुटल्या.

बाहेर आल्या, तो पायरीवरच्या बाईने विचारलं, "न्यायला आलासा व्हय?"

प्रभाबाईंचं लक्ष पर्समधल्या करंड्याकडे होतं. समोर बाई दिसली की कुंकू लावायचं, महिनाभर हात दुसरं काही शिकलाच नव्हता. "हो हो, आलोय ना," त्या म्हणाल्या. तिच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, ओल्या गार तळहातावर अक्षता ठेवल्या. "लेकीचं लग्न आहे. घरचंच कार्य आहे. आत्ताच चला की आमच्याबरोबर."

बाईने मूठ मिटली. "लई वाट बगितली, बाय," ती म्हणाली आणि बोचकं मांडीवर घेतलं.

प्रभाबाई हसून पुढे निघाल्या. तिचा चेहरा कसा होता, हे पुढे त्यांना कितीही आठवून सांगता आलं नाही. महिनाभर त्या माणसांची कपाळंच बघत होत्या.

४

बुद्धभूषणने मशीन गाळातून ढकलून पाण्यात सोडलं, प्रभाबाईंना बसवलं, मनगटाला दोरी अडकवली आणि स्वतः आपल्या मशीनवर बसून थोडा पुढे जाऊन थांबला.

"ज्ञानू, चल गं! बस पटकन!" प्रभाबाईंनी मागे न बघताच हाक मारली.

मशीन मागून खाली दबलं. दोन हात कमरेभोवती आले. पुढे बुद्धभूषणने वळून बघितलं, अंगठा वर केला आणि निघाला. प्रभाबाईही निघाल्या.

मशीन काही केल्या उचलत नव्हतं. येताना हेच मशीन दोघींना घेऊन वासरासारखं उधळलं होतं. आता पुढचं तोंड वर आणि मागचं बूड पाण्यात, एखादं भरलेलं पिंप ओढत न्यावं तसं चाललं होतं. आपल्यालाच चालवता येत नाही, असा निष्कर्ष प्रभाबाईंनी काढला. हात मात्र फार गार होते. लाइफ जॅकेटच्या खालून, कुडत्यातून तो गारवा पोटापर्यंत जात होता.

"ज्ञानू, भिजलीस का गं फार?"

इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

बांगड्या रुतत होत्या. काचेच्या, बऱ्याच. ज्ञानदा बांगड्या घालत नाही, त्यावरून घरात रोज वाद. मग कधी घातल्या? परवा नवी पेठेत घेतल्या त्या असतील. आईला खूश करायला देवळात हळूच चढवल्या असतील. पोरगी मनाने चांगली आहे. इतकं सगळं प्रभाबाईंनी स्वतःला समजावून सांगितलं आणि ते पटलंही. फक्त कमरेवरच्या हातांकडे मान वाकवून बघणं त्यांनी टाळलं, आणि का टाळलं हे स्वतःला विचारलं नाही.

५

मध्यावर बुद्धभूषणने हात वर केला. पुढे कोळ्यांची जाळी होती, ती तो पायाने बाजूला सारत होता. प्रभाबाईंनी वेग सोडला. इंजिन हळू झालं आणि पाण्याची चुळचुळ ऐकू येऊ लागली. गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांचा फोन वाजत होता. कधीचा वाजत होता कोण जाणे.

पडद्यावर 'ज्ञानू' असं नाव होतं.

त्यांनी पिशवीवरूनच बोट फिरवलं, पिशवीसकट फोन कानाला लावला.

"आई! अगं, मला सोडून कुठे निघालीस? किती हाका मारल्या! मी देवळापाशीच आहे."

प्रभाबाईंनी फोन कानाशी आणखी दाबला.

"आणि आई," ज्ञानदा जरा थांबून म्हणाली, "तुझ्या मागे कोण बसलंय?"

कमरेवरचे हात हलले नाहीत. डाव्या हँडलवर छोटा गोल आरसा होता. बघायचं नाही, असं ठरवायच्या आतच नजर तिकडे गेली. आरशात हिरव्या पदराचा काठ दिसला आणि कपाळाचा तुकडा. त्यावर त्यांच्याच हाताचं ताजं कुंकू. वारा सुटला होता, प्रभाबाईंच्या स्वतःच्या बटा तोंडावर येत होत्या, आणि तो पदर जराही हलत नव्हता.

"आई?"

"तिथेच थांब," त्या कशाबशा म्हणाल्या. "पायरीवर बसू नको. मी येते तुला न्यायला."

फोन बंद झाला. उडी टाकावी का? दोरी सुटेल, मशीन थांबेल आणि आपण हिच्याबरोबर पाण्यात. मागे फिरावं का? म्हणजे हिला घेऊन लेकीपाशी जायचं. काठावर जावं? तिथे एकनाथराव, गाडी, सोलापूर, लग्नाचं घर. आमंत्रण तर आपणच दिलं. हातावर अक्षत ठेवली आणि ठेवलेली अक्षत कुणी परत घेत नाही. आत्ताच चला म्हटलं, आणि जन्मात पहिल्यांदा कुणी तरी ते खरं मानून निघालं.

मग त्यांना पायरीवरचा तो प्रश्न आठवला. नीट, प्रत्येक शब्द. न्यायला आलासा व्हय? आणि आपण काय म्हणालो? हो हो.

या बाईला सोलापूरला यायचंच नव्हतं. तिला न्यायला कुणी तरी यायला हवं होतं. ती बोचकं बांधून बसली होती. इतकं भय वाटत असतानाही प्रभाबाईंच्या डोळ्यांसमोर रिकामा रस्ता आणि धूळ आली.

"बाई," त्या पुढेच बघत म्हणाल्या. "कुठे पोचवू तुम्हाला?"

उजवा हात कमरेवरून सुटला. प्रभाबाईंच्या खांद्यावरून पुढे आला. अंगठा आणि तीन बोटं अक्षतांवर घट्ट मिटलेली, एकच बोट लांब. ते डावीकडे वळलं, जिथे पाण्यातून बाभळीचे काळे शेंडे वर आले होते.

"त्ये काय. म्हायार माजं."

६

फेसाची रेघ सोडून प्रभाबाईंनी मशीन डावीकडे वळवलं. बुद्धभूषणची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, मग वाजतच राहिली. तो ओरडत होता. जाळ्यात त्याचं मशीन अडकलं होतं, त्याला लगेच निघता येईना.

शेंडे जवळ आले. पाण्याखालून मशीनच्या पोटाला काही तरी खरडून गेलं. एक वाळकी फांदी, तिला अडकलेली चिंधी. मग पाण्यातून जेमतेम डोकं काढलेला भिंतीचा तुकडा. ऊन चांगलं चढलं होतं, आभाळ निळं होतं, दूरवर बगळे बसले होते. असल्या लख्ख उजेडात असलं काही होत नसतं, असं त्यांची बुद्धी अजूनही म्हणत होती. पण ती फार लांबून बोलत होती.

"हितंच, बाय."

त्यांनी मशीन थांबवलं. हात अजून कमरेला होता. पाणी आजूबाजूला गप्प झालं.

"पोचवलंस," मागचा आवाज म्हणाला. त्यात इतकी माया होती की प्रभाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. "दारापतूर आलीस, तशीच जातीस व्हय? आत ये की. पानी पिऊन जा."

त्या क्षणी प्रभाबाईंना खरं भय कळलं. कारण त्यांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. महिनाभर नव्हे, जन्मभर तयार होतं. कुणी या म्हटलं की म्हणायचं, हो हो, येते ना. तसं म्हणायला ओठ उघडलेही. डाव्या बाजूचं पाणी जिन्यासारखं खाली उतरत गेलं आहे असं वाटलं आणि आपण एक पाय उचललेला आहे हे त्यांना दिसलं.

त्यांनी जीभ दातांखाली धरली. रक्ताची चव आली.

"नको," त्या म्हणाल्या.

"घोटभर घे. च्या टाकते."

"नको, बाई. चहा नको, पाणी नको." आता त्या रडत होत्या. "माझी लेक तिकडे एकटी आहे. मी तिला न्यायला येते म्हटलंय. ती वाट बघते आहे."

मागे बांगड्या एकदा किणकिणल्या.

"मंग जा, बाय," आवाज म्हणाला. "लेकीला वाट बगाया लावू नगं."

हात सुटला. मशीनचं दबलेलं बूड हळूच वर आलं आणि प्रभाबाई सीटवर सावरल्या. पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नाही. बघायचं नाही, असं पुन्हा ठरवलं आणि पुन्हा बघितलं. हिरवं काही तरी खोल उतरत होतं, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं. आणि त्याच्याही खाली, गढूळ पाण्यात, दारासारखा चौकोनी पिवळा उजेड क्षणभर उघडला आणि मिटला.

उन्हाची तिरीप असेल. असेलही.

७

बुद्धभूषण पोचला तेव्हा तो घामाने आणि पाण्याने निथळत होता. "काकू, सांगितलंवतं ना तिकडं जायाचं न्हाय! मागं ताई बसलेल्या, त्यांचा तरी इचार करायचा!"

"ज्ञानदा देवळापाशी आहे," प्रभाबाई म्हणाल्या.

"कायतरीच. मी बगितलं की, दोगी हुतासा." बोलता बोलता त्याची नजर देवळाकडे गेली. नारिंगी जॅकेट घातलेली पोरगी गाळात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. त्याने शिट्टी जॅकेटच्या आत घातली आणि म्हणाला, "चला. माज्या मशीनला चिटकून या. आन मागं जागा रिकामी ठिवू नगा, पर्स ठिवा तितं."

प्रभाबाईंनी खरोखरच पर्स मागे ठेवली आणि एका हाताने धरून ठेवली. मशीन आता हलकं, उड्या मारत चाललं होतं, आणि प्रत्येक उडीला त्यांना मोठमोठ्याने रडावंसं वाटत होतं, हसावंसंही.

देवळाच्या काठाला लागल्याबरोबर त्यांनी मशीनवरूनच लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाल उन्हाने तापले होते. मनगटं तपासली. बांगड्या नव्हत्या.

"बाई उतरली का गं?" ज्ञानदाने विचारलं. "मला वाटलं, कुणी तरी लिफ्ट मागितली आणि तू बसवलीस. तुला कुणाला नाही म्हणताच येत नाही ना."

"म्हटलं आज," प्रभाबाई म्हणाल्या. "बस मागे. आणि बोलत राहा, सारखी बोलत राहा."

"कशाबद्दल?"

"काहीही. रुखवताबद्दल बोल."

ज्ञानदा पाण्यावरून येताना पूर्ण वेळ रुखवताबद्दल बोलली, आणि रुखवतात लोकरीची बाहुली नको यावर तिने इतकं भांडण काढलं की प्रभाबाईंना वाटलं, जगात याहून गोड आवाज नसेल. निघताना बघितलं तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. अंगणातल्या फराट्यांवर दोघींच्या पावलांचा चिखल झाला होता.

काठावर एकनाथराव चहाचा दुसरा कप हातात घेऊन उभे होते. "पोचली का अक्षत?"

"पोचली," प्रभाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टपरीच्या बाकावर बसून तो कप सगळाच्या सगळा पिऊन टाकला.

८

लग्न झकास झालं. हॉल लहान पडला, तो पडणारच होता. रिक्षावालाही बायकोला घेऊन आला आणि दोनदा जिलेबी घेऊन गेला. जेवणाच्या पंगतीत कुणी अनोळखी बाई दिसली की प्रभाबाई तिच्या पदराकडे बघायच्या. पंख्याच्या वाऱ्याने तो हलला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. सगळ्यांचे पदर हलत होते.

संध्याकाळी पाठवणी. जावई अथर्व गाडीचं दार धरून उभा होता. ज्ञानदाच्या हातात हिरवा चुडा, पायाशी बॅग. ती पायरीवर टेकली होती, कारण नवीन चपलेने टाच सोलली होती. प्रभाबाईंनी तिला तसं बसलेलं बघितलं मात्र, त्या गर्दी सारत पुढे आल्या आणि दंडाला धरून तिला उठवलं.

"पंचमीला मी येते न्यायला," त्या म्हणाल्या.

"अहो आई, मी सोडतो की," अथर्व म्हणाला. "कशाला त्रास?"

एरवी असं कुणी म्हटलं की प्रभाबाई लगेच म्हणाल्या असत्या, बरं, तुम्ही म्हणाल तसं. "नको," त्या म्हणाल्या. "मीच येणार. सकाळीच येणार."

एकनाथराव तोंड उघडणार होते, पण बायकोकडे बघून त्यांनी मिटलं.

ज्ञानदाने आईला मिठी मारली. कमरेभोवती हात घातले, चुडा रुतला. प्रभाबाईंनी आधी मान वाकवून त्या हातांकडे बघितलं. मेंदी होती, नखावर त्यांनीच लावलेल्या नेलपेंटचा ठिपका होता, आणि हात उबदार होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि मनसोक्त रडून घेतलं.

"ये तू," ज्ञानदा त्यांच्या कानात म्हणाली. "पण वाटेत कुणाला चला म्हणू नकोस."